कैद्याचा अर्ज कोणाच्या हाती?

तुरुंगात असलेल्या माणसाने आपल्यावर पहारा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांवरच दिवाणी फिर्याद लावावी, आणि तीही वकिलाच्या साहाय्यावाचून, स्वहस्ते अर्ज लिहून लावावी, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांना विपरीत वाटण्याचा संभव आहे. गुन्हा केला, शिक्षा झाली, आता तक्रार कसली, असा प्रश्न आपण सहज विचारून जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र अशा हजारो फिर्यादी दरवर्षी संघराज्याच्या न्यायालयांत दाखल होतात आणि त्यांतील शंभरात नव्वदांहून अधिक फिर्यादींत कैद्याच्या बाजूस वकील नसतो. १८ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कैद्याच्या फिर्यादीत पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने जो निर्णय दिला, तो वरवर पाहता प्रक्रियेतील एका बारीक मुद्द्यापुरता आहे. परंतु त्या मुद्द्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच हातून तक्रारीचा कागद पुढे जाणार असेल, तर तक्रार करण्याच्या हक्काला अर्थ काय उरतो?

प्रकरण मिशिगन राज्यातील एका तुरुंगातले आहे. तेथील एका अधिकाऱ्याने आपला लैंगिक छळ केला, आणि त्याबद्दल तुरुंगाच्या नियमांप्रमाणे तक्रारीचे नमुने भरले असता ते फाडून टाकून वर धमक्या दिल्या, असे कैद्याचे म्हणणे. अधिकाऱ्याने हे सारे नाकारले. १९९६ साली झालेल्या एका कायद्याप्रमाणे, तुरुंगाच्या अंतर्गत तक्रारपद्धतीच्या सर्व पायऱ्या चढून झाल्याखेरीज कैद्यास न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. अधिकाऱ्याच्या बाजूने याच कलमावर बोट ठेवण्यात आले. कैद्याने पायऱ्या पुऱ्या केल्या नाहीत, सबब फिर्याद काढून टाकावी! कैद्याचे उत्तर असे की, कागदच फाडले गेले तर पायऱ्या चढावयाच्या कशा? खालच्या न्यायालयात हा वाद न्यायाधीशाने एकट्यानेच ऐकला, कैद्यांच्या साक्षीदारांवर विश्वास ठेवला नाही आणि फिर्याद निकालात काढली. सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. तक्रारपद्धती पुरी झाली की नाही हा प्रश्न मूळ आरोपातच गुंतलेला असेल, तर त्याचा निवाडा ज्यूरीने करावा, असे मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या निर्णयात म्हटले. चार न्यायमूर्तींनी मतभेद नोंदविला; कायद्यात ज्यूरीचा उल्लेखच नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. कैद्याचे आरोप खरे की खोटे, हे या निर्णयाने ठरलेले नाही. ते ज्यूरीपुढे मांडण्याची संधी काय ती त्याला मिळाली.

योगायोग असा की, या प्रश्नाचा आरंभही मिशिगनमध्येच झाला होता. तेथील तुरुंगात पूर्वी असा नियम होता की, कैद्याने न्यायालयाकडे धाडावयाचा अर्ज आधी सरकारी अधिकाऱ्यांनी तपासावा आणि तो योग्य रीतीने लिहिलेला आहे असे त्यांना वाटले तरच पुढे जाऊ द्यावा. एका कैद्याचे कागद अशा रीतीने अडविले गेले. १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अर्ज नीट आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, तुरुंगाचा नाही. त्या कैद्याचे मूळ गाऱ्हाणे न्यायालयाने मान्य केले नाही, हेही सांगावयास हवे. तो हरला, परंतु त्याच्या कागदाने वाट मोकळी केली. पुढे १९८८ साली टेनेसीतील एका कैद्याच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. वकील नसलेल्या कैद्याने अपिलाचा कागद मुदतीत तुरुंगाधिकाऱ्याच्या स्वाधीन केला की तो न्यायालयात दाखल झाला असे समजावे, असे न्यायालयाने ठरविले. कारण त्यानंतर तो कागद केव्हा टपालात पडेल, यावर कैद्याचा काहीच ताबा उरत नाही. १९४१, १९८८ आणि २०२५ या तिन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच साधी वस्तुस्थिती आहे: कैद्याच्या कागदाची वाट त्याच्या पहारेकऱ्याच्या हातातून जाते.

या फिर्यादी ज्या कायद्याच्या आधारे होतात तो १८७१ सालचा आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत कु क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर जी दहशत बसविली, तिला आळा घालण्यासाठी तो करण्यात आला. राज्याच्या अधिकाराच्या जोरावर कोणी नागरिकाचे घटनादत्त हक्क पायदळी तुडविले तर त्यावर फिर्याद करता यावी, हे त्याचे सार. नेमक्या त्याच वर्षी व्हर्जिनियातील न्यायालयाने कैदी म्हणजे 'राज्याचा गुलाम' असे निःसंकोचपणे म्हणून ठेवले होते. हा कायदा कैद्यालाही लागू आहे हे स्पष्ट व्हावयास त्यानंतर नव्वदांवर वर्षे जावी लागली. इलिनॉय राज्यातील एका मुस्लिम कैद्यास धर्मग्रंथ व धार्मिक नियतकालिके नाकारण्यात आली होती. त्याची फिर्याद ऐकली पाहिजे, असे १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, तेव्हा कोठे हे दार उघडले.

त्या दारातून किती आणि कसले कागद आत आले? बहुतेक पोकळ असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु थोड्यांनी जे घडविले ते लहान नाही. टेक्सस राज्यात डेव्हिड रुइझ या कैद्याने १९७२ साली हाताने लिहिलेला अर्ज न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांच्यापुढे आला. त्यांनी इतर कैद्यांचे अर्ज त्यास जोडले आणि वकील मिळवून दिला. खटल्यात सुमारे साडेतीनशे साक्षीदार तपासले गेले. दाटी, औषधपाण्याची हेळसांड, आणि दांडग्या कैद्यांच्या हाती इतर कैद्यांवरचा पहारा सोपविण्याची रीत, हे सारे १९८० च्या निकालाने उघडे पाडले आणि त्या राज्याच्या तुरुंगव्यवस्थेवर न्यायालयाची देखरेख दोन दशके राहिली. त्याच टेक्ससात कापसाचा गठ्ठा अंगावर पडून दुखावलेल्या दुसऱ्या एका कैद्याने हाताने लिहिलेल्या फिर्यादीवरून १९७६ साली असे ठरले की, कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून डोळेझाक करणे ही घटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षाच होय. त्या कैद्याची स्वतःची डॉक्टरविरुद्धची तक्रार मात्र या कसोटीस उतरली नाही. २०१५ साली आर्कान्सासमधील एका कैद्याने धर्मश्रद्धेप्रमाणे अर्धा इंच दाढी राखण्याची मुभा मागितली. सर्वोच्च न्यायालयाकडे त्याने केलेला पहिला अर्जही हस्तलिखितच होता, आणि सर्व न्यायमूर्तींनी एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला.

अशा अर्जांची भाषा ओबडधोबड असते, कायद्याची कलमे चुकलेली असतात, एकाच वाक्यात दहा गाऱ्हाणी कोंबलेली असतात. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, वकिलाने लिहिलेल्या फिर्यादीला लावतो ती काटेकोर कसोटी अशा कागदाला लावू नये; त्यातील आशय उदारपणे वाचावा. शाळेच्या वर्गात वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या कोणाही शिक्षकास यातील मर्म कळेल. अक्षर वाईट आहे म्हणून मुलाचे बरोबर आलेले गणित चूक ठरविणारा मास्तर स्वतःचाच आळस जाहीर करीत असतो.

मग १९९६ चा कायदा का झाला? तत्पूर्वीच्या दोन दशकांत फिर्यादींची संख्या फार वाढली होती. १९९५ साली ती चाळीस हजारांच्या घरात गेली. न्यायालयांवरील बोजाची तक्रार खरी होती. परंतु लोकमत तयार झाले ते आकड्यांनी नव्हे, एका विनोदी कथेने. भुईमुगाच्या दाण्यांचे लोणी जाडसर मिळाले, मऊ मिळाले नाही, म्हणून एका कैद्याने सरकारवर फिर्याद केली, ही कथा विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वांनी चघळली. पुढे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागद काढून पाहिले. कैद्याने तुरुंगाच्या दुकानातून दोन बरण्या विकत घेतल्या होत्या. त्यांतील एक चुकीची निघाली म्हणून त्याने परत केली. बदली बरणी मिळण्यापूर्वीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलविले. बरणी मिळाली नाही ती नाहीच आणि खात्यातून अडीच डॉलर मात्र वजा झाले. रक्कम क्षुद्र खरी. पण ज्याच्या सबंध महिन्याच्या कमाईत एवढी रक्कम मोठी ठरते, त्याचा हा रोकडा व्यवहार होता. जिभेचे चोचले नव्हते. चार शब्द गाळले की गाऱ्हाण्याचा विनोद कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या कायद्याची कलमे पाहावीत. गरीब नागरिकास न्यायालयाचे शुल्क माफ होऊ शकते. कैद्यास मात्र साडेतीनशे डॉलर हप्त्याहप्त्याने का होईना भरावेच लागतात, आणि टेक्सससारख्या राज्यात तर बहुतेक कैद्यांना कामाचा मोबदलाच मिळत नाही. तीन फिर्यादी पोकळ किंवा सदोष म्हणून काढून टाकल्या गेल्या की पुढील वेळी, जीवावर किंवा शरीरावर तात्काळ संकट नसेल तर, सारे शुल्क आगाऊ भरावे लागते. पुन्हा फिर्याद करण्याची मुभा ठेवून काढून टाकलेली फिर्यादही या तिनांत धरावी, असे २०२० साली ठरले. शरीराला इजा झाली नसेल किंवा लैंगिक अत्याचार झाला नसेल, तर नुसत्या मानसिक यातनेबद्दल भरपाई मागता येत नाही. कैद्याला पैशाच्या रूपाने भरपाई मिळाली तर त्याच्या वकिलाचे शुल्क त्या भरपाईच्या दीडपटीवर जाऊ शकत नाही. आणि भरपाई बहुधा थोडकीच असल्यामुळे वकील अशा कामास हात लावीत नाहीत. म्हणजे 'वकिलावाचून' हा शब्द कैद्याच्या हट्टाचा द्योतक नसून कायद्यानेच घडविलेल्या परिस्थितीचा आहे. आरोपीस वकील मिळाला पाहिजे, हे अमेरिकेत १९६३ साली ठरले, तेही क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावरून. परंतु तो हक्क फौजदारी खटल्यापुरता. तुरुंगातील वागणुकीबद्दलच्या दिवाणी फिर्यादीत कैदी आजही एकटाच उभा असतो.

या कलमांत सर्वांत जड आहे ती तुरुंगातील तक्रारपद्धती पुरी करण्याची अट. तिच्यामागील हेतू वाईट नाही. तुरुंगाला आपली चूक आपण सुधारण्याची संधी मिळावी, किरकोळ गोष्टी जागच्या जागी मिटाव्यात, यात गैर काय? परंतु २००६ साली कॅलिफोर्नियातील एका कैद्याच्या प्रकरणात न्यायालयाने असा अर्थ लावला की, तुरुंगाने ठरविलेली मुदत चुकली तर फिर्यादीचा मार्ग बंद होऊ शकतो. तेथे ती मुदत कामकाजाच्या पंधरा दिवसांची होती. म्हणजे मुदत ठरविणार तुरुंग, नमुना देणार तुरुंग, तो स्वीकारणार तुरुंग, आणि कैदी चुकला तर त्याचा लाभही तुरुंगालाच! ज्याच्या हाती ससा तो पारधी, असे आपल्याकडे म्हणतात. येथे पारध्याच्याच हाती न्यायाची नोंदवही आली. अधिकाऱ्यांनी धाकदपटशाने तक्रार होऊच दिली नाही तर ती पद्धत उपलब्धच नव्हती असे समजावे, एवढा दिलासा २०१६ च्या निर्णयाने दिला होता. पण धाकदपटशा झाला की नाही हे ठरविणार कोण, हा प्रश्न राहिला होता. २०२५ च्या निर्णयाचे महत्त्व ते हेच. कायदा झाल्यावर पाच-सहा वर्षांतच फिर्यादींची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास उतरली, आणि कैद्यांची संख्या मात्र त्या काळात वाढतच होती. तेवढ्याच प्रमाणात तुरुंगांतील अन्याय कमी झाला, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय?

हा सारा इतिहास आम्ही परदेशाची उणीदुणी काढण्यासाठी सांगितलेला नाही. आपल्याकडील कैद्याच्या कागदाचीही वाट तीच आहे. १९६५ साली भारतसंरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. ते प्रसिद्धीसाठी बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. नियमांत परवानगी दिलेली नाही ते सारे निषिद्ध, असा सरकारचा पवित्रा होता. मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने तो झिडकारला. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात एक कैदी चार वर्षांहून अधिक विलंबाने सर्वोच्च न्यायालयात आला, कारण निकालाची प्रत आपल्याला वेळेवर मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने आज्ञा केली की, प्रत विनामूल्य व तत्परतेने द्यावी, ती मिळाल्याची कैद्याची लेखी पोच घ्यावी आणि गरिबास वकील द्यावा.

त्याच्या पुढल्याच वर्षी सुनील बत्रा या कैद्याने तिहार तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डराने दुसऱ्या एका कैद्याचा अमानुष छळ केला, अशी त्यात तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले आणि डॉ. चितळे व श्री. मुद्गल या वकिलांस साहाय्यासाठी नेमले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने तुरुंगातील तक्रारपेट्यांची व्यवस्था जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या देखरेखीखाली असावी असे सांगितले. शुल्क नाही, नमुना नाही, पायऱ्या नाहीत. टपालाचा एक कागद पुरला. अमेरिकेच्या कोणत्याही न्यायालयाने इतके औदार्य दाखविल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

तथापि औदार्य आणि व्यवस्था यांत अंतर असते. पत्र सहृदय न्यायमूर्तींच्या हाती पडले तर अर्ज होते. न पडले तर ते नुसते पत्र राहते, किंवा तुरुंगाच्या टेबलावरून पुढे सरकतच नाही. अमेरिकन कैद्यापुढे दार आहे, त्याला कुलपे अनेक आहेत. आपल्या कैद्यापुढे दार उघडे आहे असे म्हणतात, पण तेथवर जाणारा रस्ता आखलेलाच नाही. अपिलाचा अर्ज तुरुंगाधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा व त्याने तो न्यायालयाकडे धाडावा, ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. तो कागद केव्हा स्वाधीन झाला याचा पुरावा मात्र कैद्याच्या हाती राहील, याची हमी काय? कोठडीतील प्रत्येकास मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. पण तो हक्क मागण्यासाठीसुद्धा कैद्याचा शब्द आधी भिंतीबाहेर पडावा लागतो.

आणि हे कैदी कोण? २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय असता ५,७३,२२० माणसे कोंबलेली होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे चारांत तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. 'गुन्हा केला, आता तक्रार कसली' हा आरंभी उल्लेखिलेला प्रश्न या माणसांना विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? आपण सुशिक्षित, वकील गाठू शकणारे, वृत्तपत्राला पत्र लिहू शकणारे लोक या भिंतींच्या आतली स्थिती जाणत नाही. जी काही जाणतो ती अशा वेड्यावाकड्या अक्षरांतील कागदांमुळे. तो कागद अडला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार कैद्याला बसतो, आणि आपल्या नावाने चाललेल्या कारभाराची माहिती आपल्याला मिळत नाही.

म्हणून आमची महाराष्ट्र सरकारकडे आणि मुंबई उच्च न्यायालयाकडे मागणी साधी आहे, तीस खर्चही फारसा नाही. कैद्याने कोणत्याही न्यायालयाकडे अथवा अधिकाऱ्याकडे धाडण्यासाठी दिलेल्या प्रत्येक अर्जाची, दिनांक व क्रमांक असलेली पोच त्याच क्षणी त्याच्या हाती दिली जावी. त्या अर्जाची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे परभारे जावी. तक्रारपेटीची किल्ली तुरुंगाधिकाऱ्याच्या जुडग्यात असू नये. ती सत्र न्यायाधीशांच्या ताब्यात असावी आणि पेटी ठरलेल्या दिवशी उघडली जावी. पोच नसेल तेथे, अर्ज दिला होता असे म्हणणाऱ्या कैद्यास खोटे ठरविण्याचा भार तुरुंगावर पडावा. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालाची प्रत मिळाल्याची पोच कैद्याकडून घेण्यास तुरुंगास सांगितले. आता कैद्याचा अर्ज मिळाल्याची पोच तुरुंगाने कैद्यास द्यावी, एवढेच आम्ही म्हणतो. सरकारी कचेरीच्या खिडकीत आपण अर्ज देतो तेव्हा पोच घेतल्यावाचून तेथून हलत नाही. ज्याला खिडकीपाशी जाताच येत नाही, त्याला ती नाकारण्याचे कोणते कारण सरकार देऊ शकेल, हे ऐकावयास आम्ही उत्सुक आहोत.